समोरच्या बाईंचे सल्लागार

धाकट्या भावाचे आक्काला
५ जानेवारी

आक्का,

परवा तुझा फोन उचलून मी "नंतर बोलू" म्हणालो आणि ठेवून दिला, त्यावरून तू नक्की फुगून बसली असशील. फुगू नकोस. यापुढे घरच्यांनी मला पत्र लिहायचं असं ठरलंय. फोन गिऱ्हाइकांसाठी मोकळा ठेवावा लागतो. तू तुझ्या गुडघ्यांचं पुराण लावलंस आणि नेमका तेव्हाच एखाद्या कारखानदाराने फोन केला, तर त्याने काय करायचं?

हो, मी नोकरी सोडली. खोक्यांच्या कारखान्यात खरेदी खात्यात अर्धं आयुष्य घालवलं. आता तिथे एक नवा मॅनेजर आलाय. मी कामाला लागलो तेव्हा तो दुपट्यात असेल. त्याला मी रोज काही ना काही सांगायचो, आणि तो रोज मान डोलावून स्वतःचंच खरं करायचा. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुकट दिलेल्या सल्ल्याला कोणी विचारत नाही. तोच विकत दिला तर लोक वही-पेन घेऊन बसतात. म्हणून आम्ही सल्लागार संस्था काढली आहे. आम्ही म्हणजे सध्या मीच, पण "आम्ही" म्हणावं लागतं.

जेवणाचं टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी घेतलंय. आता ते कामाचं टेबल. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो, तब्येतीला ते चांगलंच असतं. दाराबाहेर पाटी लावली, "व्यवसाय सल्लागार. वेळ ठरवूनच भेटावे." तुझ्या भावजयीला सांगितलं, आत येताना टकटक करत जा. ती म्हणते, मध्ये पडदा आहे, टकटक कशावर करू?

भावोजींना सांग, बेकरीत काही अडलं तर घरचा माणूस म्हणून फुकट सल्ला देईन. तसं तुमचं छानच चाललंय. काही बदलू नका. बिस्किटांचा डबा कोणी इकडे येणार असेल तर पाठव.

तुझा धाकटा


आक्काचे धाकट्याला
१२ जानेवारी

सल्लागार साहेब,

पूर्वपरवानगी न घेता पत्र लिहितेय, राग नसावा.

बातमी वाचून आधी मी कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटले. तुझे भावोजी भट्टीत ट्रे सरकवत होते. त्यांना म्हटलं, धाकट्याने सल्ले विकायचं दुकान काढलंय. ते म्हणाले, "माल तर भरपूर आहे त्याच्याकडे." तुला ठाऊक आहेच, ते वर्षाकाठी तेवढंच बोलतात.

आमच्या घरात तू शेंडेफळ, त्यामुळे लहानपणी तुझं कोणी ऐकलं नाही, हे मला कबूल आहे. तू सायकल शिकायच्या आधी मला सायकल शिकवायला निघाला होतास. पण त्यासाठी भरल्या घरात पगार सोडायचा? भावजयीला विचारलंस का? विचारलं नसशीलच. विचारणं तुझ्या धंद्यात बसत नाही, सांगणं बसतं.

असो. मनात आणलंस ना, मग नेटाने कर. हातपाय गाळू नकोस. डबा टोस्टवाल्या पोराच्या मामाबरोबर पाठवलाय. तो तुमच्या स्टेशनवर उतरेल, उतरून घ्यायला स्वतः जा. तिथेही पाटी लावू नकोस.

आक्का


भावजयीचे आक्कांना
२० फेब्रुवारी

आक्का,

हे पत्र मी दवाखान्यातून लिहितेय. डोळ्यांचे डॉक्टर आज रजेवर आहेत, काउंटरवर मी एकटीच आहे. घरी लिहिता येत नाही. काय लिहितेस, कुणाला लिहितेस आणि त्यापेक्षा कसं लिहावं, हे सगळं लगेच ऐकावं लागतं.

अजून एकही गिऱ्हाईक नाही. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसतात. समोरच्या खुर्चीवर गिऱ्हाईक नाही म्हणून मी वाळलेले कपडे ठेवले, तर म्हणाले खुर्ची रिकामी राहू दे, रिकाम्या खुर्चीने मागणी वाढते. बाहेर कोणी भेटत नाही म्हणून सल्ले घरातच मुरायला लागलेत. मी भांडी घासते ती उलट्या क्रमाने घासते असं निघालंय. न्हाव्याकडे गेले तर त्याला खुर्च्या कशा मांडाव्यात ते सांगत बसले. त्याने अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, उरलेली तुम्हीच करा, तुम्हाला जास्त कळतं. हे तसेच घरी आले.

हसू नका, आक्का. मीही आधी हसत होते. पण मंगळवारी मी लवकर परत आले तेव्हा हे फोनवर बोलत होते. "नाही, या आठवड्यात जमणार नाही, फार गर्दी आहे," असं कुणाला तरी सांगत होते. मला बरं वाटलं. मग पाहिलं, तर फोनची वायर काढून ठेवलेली होती. मी धूळ पुसताना काढली होती आणि परत लावायची राहिली होती.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रात्री नीट झोपत नाहीत, जेवण अर्धवट टाकतात. या माणसाला एक गिऱ्हाईक मिळालं नाही तर तो असाच झिजत जाईल. म्हणून पदर पसरून मागते, तुमच्या गावातून एक गिऱ्हाईक तयार करा. खोटं असलं तरी चालेल. फी मी माझ्या पगारातून तुमच्याकडे पाठवीन, तुम्ही ती त्यांना पाठवा. एवढं मोठं मन करा.

तुमची भावजय


आक्काचे भावजयीला
१ मार्च

अगं,

वायरीचं वाचलं आणि हसू कुठल्या कुठे पळालं. आमचा धाकटा एकट्याने फोनवर बोलतो हे मला सहन होत नाही. तू अजिबात काळजी करू नकोस. गिऱ्हाईक तयार आहे.

मला बेकरीशिवाय दुसरं काय येतं? तेव्हा गिऱ्हाईकही बेकरीवालीच करणार. आमच्या दुकानासमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा गाळा बरेच दिवस बंद पडलाय. तो गाळा एका बाईंनी घेतलाय आणि तिथे त्या नवी बेकरी टाकणार आहेत, असं लिहिते. समोर जुनी बेकरी आहे, तिचं गिऱ्हाईक कसं ओढावं, असा सल्ला मागते. पत्र आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाईंच्या अक्षरात आणि त्यांच्याच पत्त्यावरून. त्यांना असल्या गोष्टींची फार हौस. धाकट्याच्या जाहिरातीचा तुकडा इथल्या पेपरात आलाच होता, त्यामुळे संशयाला जागा नाही.

तू म्हणशील, आक्का, जुनी बेकरी म्हणजे तर तुमचीच! अगं, तीच तर गंमत आहे. पत्ता वाचताच तो ओळखेल आणि ठणकावून नाही म्हणेल. पहिलं गिऱ्हाईक चालून आलं आणि बहिणीसाठी परतवून लावलं, याहून मोठी ऐट कुठल्या सल्लागाराला मिळते? गिऱ्हाईक मिळाल्याचाही आनंद आणि नाकारल्याचाही. जन्मभर सगळ्यांना सांगत फिरेल. आणि तुझा पगारही वाचेल.

आमच्या घरच्या भट्टीवाल्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाही म्हणेल?" मी म्हटलं, म्हणजे काय, माझा भाऊ आहे तो.

आक्का


समोरच्या बाईंचे सल्लागार महोदयांना
४ मार्च

माननीय सल्लागार महोदय,

पेपरातली आपली जाहिरात वाचून धीर केला. या पत्राच्या माथ्यावर पत्ता आहे, त्या गल्लीत मी एक गाळा घेतला आहे. बेकरी टाकण्याचा विचार आहे. अडचण एकच. अगदी समोर एक जुनी बेकरी आहे. नवरा-बायको चालवतात. बाई बोलकी आहे, सगळी गल्ली तिला ओळखते. तिच्यासमोर माझा टिकाव कसा लागणार?

आपण हे काम हातात घ्याल का? काही कारणाने घ्यायचं नसेल तर तसं मोकळेपणाने कळवावं. मला वाईट वाटणार नाही. उलट आपल्याबद्दल आदरच वाटेल.

आपली,
एक होतकरू बेकरीवाली


धाकट्याचे आक्काला
११ मार्च

प्रिय आक्का,

कळवायला आनंद होतो की संस्थेला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. कोण, कुठलं, हे विचारू नकोस. आमच्या धंद्यात गुप्तता म्हणजे सर्वस्व.

तुमची फार आठवण येते. भावोजींच्या कमरेचं काय? अजून पहाटे उठणं जड जातं का? मग पहिला पाव भट्टीतून किती वाजता निघतो? तो जुना कारागीर, ज्याच्या हातच्या ब्रेडला लोक लांबून येतात, त्याचं ते सुट्टीचं रडगाणं चालूच आहे का? आणि तू अजून सकाळी एकटीच काउंटरवर बसतेस की कोणी मदतीला आहे? सविस्तर लिही. मला तुमची काळजी वाटते.

तुझा धाकटा


आक्काचे भावजयीला
१६ मार्च

अगं,

जिंकलो आपण! त्याचं पत्र आलं. गिऱ्हाईक मिळालं एवढंच सांगतो, पुढे गुप्तता. नकार द्यायच्या आधी जरा मिरवतोय, मिरवू दे. पण पत्र बघशील तर डोळ्यांत पाणी येईल. भावोजींची कंबर कशी आहे, पाव किती वाजता निघतो, कारागीर खूश आहे का, मी एकटी पडते का, सगळं बारीक-सारीक विचारलंय. समोर बेकरी येणार म्हटल्यावर पोराला आमची काळजी लागली असणार. एवढ्या वर्षांत त्याने आमच्याबद्दल इतकी विचारपूस कधी केली नव्हती.

मीही पानंच्या पानं भरून लिहिलं, काही म्हणून राखून ठेवलं नाही. यांना उठायला उशीर होतो, त्यामुळे कामावर जाणाऱ्यांच्या हाती ताजा पाव पडत नाही. कारागीर रोज आठवड्याच्या सुट्टीचा विषय काढतो आणि आम्ही रोज ऐकलं न ऐकलं करतो. मन मोकळं करायला आपलं माणूस असलं की किती बरं वाटतं.

त्याच्या नकाराची वाट बघतेय. शिवणवाल्या बाई पोस्टमनला दोनदा अडवून आल्या.

आक्का


सल्लागारांचा समोरच्या बाईंना अहवाल
२८ मार्च

महोदया,

आपले काम आम्ही आनंदाने स्वीकारत आहोत. समोरच्या बेकरीची माहिती आम्ही अत्यंत विश्वासू सूत्रांकडून मिळवली आहे. ती दुसऱ्या कोणाला मिळणे शक्य नाही, याची आपण खात्री बाळगावी.

प्रथम मालकाविषयी. त्याची कंबर कामातून गेली आहे आणि तो पहाटे उठू शकत नाही. कामावर जाणारा माणूस समोरून जातो तेव्हा काउंटरवर कालचा टोस्ट असतो. आपण फक्त त्याच्या आधी भट्टी पेटवा. भट्टी मागे ठेवू नका. त्यांची भट्टी मागे आहे आणि ताज्या पावाचा वास मागच्या बोळात जातो, जिथे फक्त मांजरं असतात. आपली भट्टी रस्त्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाटीचा खर्चसुद्धा वाचेल.

बेकरीचा खरा जीव त्यांच्या जुन्या कारागिरात आहे. त्याला पैसे वाढवून देण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. तो अनेक वर्षं तेवढंच मागतो आहे आणि मालकाने कानांवर हात ठेवले आहेत. सुट्टी कबूल केलीत की तो त्याच दिवशी रस्ता ओलांडेल.

आता मालकीण. गल्ली तिला ओळखते याची धास्ती घेऊ नये. तीच त्या बेकरीचा सर्वांत कच्चा दुवा आहे. पाव बांधून देण्यापूर्वी ती प्रत्येकाच्या सासूपासून शेजाऱ्यापर्यंत चौकशी करते. रांगेतले लोक घड्याळ बघतात, कंटाळतात आणि पुढच्या चौकात जातात. तिला वाटते लोक आपल्या गोड बोलण्यासाठी येतात. लोक पावासाठी येतात आणि बोलणे सोसतात. आपल्या काउंटरवर न बोलणारा माणूस बसवा. स्वभावाने ही बाई भोळी आहे. कोणी आपुलकीने विचारले की पोटातले सगळे ओठांवर आणते. तिच्याकडून प्रतिकाराची अपेक्षा नाही.

एवढे केलेत तर एका वर्षात समोरची बेकरी बंद पडेल. मग तो गाळाही आपण घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

आपले विश्वासू,
व्यवसाय सल्लागार


आक्काचे भावजयीला
४ एप्रिल

अगं,

अहवालाची नक्कल सोबत पाठवतेय. आधी कुठेतरी टेकून बस आणि मग वाच.

शिवणवाल्या बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि कारागिरापर्यंत येऊन थांबल्या. पुढचं मी स्वतः वाचलं. माझ्याच पत्रातून त्याने माझा काटा काढलाय. आपुलकीने विचारलं की सगळं ओठांवर आणते म्हणे! मग आपुलकीने विचारलं होतं कोणी?

सुरीला धार आपणच लावून दिली. भट्टीवाल्यांना कागद दिला. त्यांनी सगळा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "खरं लिहिलंय." मी म्हटलं, कुठलं खरं? तर म्हणाले, "सगळंच." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आक्का


भावजयीचे आक्कांना
१३ एप्रिल

आक्का,

कुठल्या तोंडाने लिहू? या अहवालाची फीसुद्धा माझ्याच पगारातून गेली. ज्या संध्याकाळी हा अहवाल पोस्टात पडला त्या संध्याकाळी आमच्याकडे गोडाचं जेवण होतं. मीच केलं होतं. हे शिट्टी वाजवत टेबल पुसत होते, मला म्हणाले, आज मनासारखं काम झालं. मी म्हटलं, देव पावला.

नक्कल वाचली त्या दिवसापासून त्यांच्या चहात साखर घालत नाही. त्यांना पत्ता नाही. म्हणतात, चहा अलीकडे छान होतो.

मनात येतं, सगळं तोंडावर सांगून मोकळं व्हावं. मग बघते तर हा माणूस पोटभर जेवतोय, गाढ झोपतोय, न्हाव्याची माफी मागून आलाय. फोनची वायर जागेवर आहे. आणि मला दोन्हीकडून रडू येतं. तुम्ही सांगाल तसं करते. म्हणाल तर आज रात्री सांगते.

तुमची भावजय


धाकट्याचे आक्काला
१० मे

प्रिय आक्का,

बरेच दिवस तुझं पत्र नाही. सगळं ठीक आहे ना? धंद्याचं कसं काय? तुमच्या गल्लीत नवीन काही हालचाल दिसते का? एखादा बंद गाळा उघडला, रंगरंगोटी चालू झाली, असं काही? सहज विचारतो.

हल्ली स्पर्धा कुठून येईल सांगता येत नाही. अशा वेळी कोणाच्या पाठीशी जाणकार सल्लागार असेल तोच तरतो. मागे मी घरचा माणूस म्हणून फुकट सांगेन असं बोललो होतो. पण विचार केला, फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही. तेव्हा तुमचं काम मी रीतसर घ्यावं, असं मला वाटतं. नात्यातलं म्हणून फी कमी लावीन.

आणि खूप झेपत नसेल तर ओढाताण करू नका. भावोजींची कंबर बघता, चांगला भाव येतोय तोवर गाळा विकून आराम करणं शहाणपणाचं. माझ्या ओळखीत घेणारं कोणीतरी निघेल.

तुझा धाकटा


आक्काचे भावजयीला
२२ जून

अगं,

त्याला काही सांगू नकोस, थांब. इथे काय झालंय ते आधी वाच.

त्याचं मे महिन्यातलं पत्र वाचून माझं डोकं फिरलं होतं. एका हाताने समोरच्या बाईंना आमचा गाळा घ्यायला सांगतो, दुसऱ्या हाताने मला विकायला सांगतो आणि मधल्या मध्ये दोघींकडून फी घेणार! मी तो कागद भट्टीत टाकायला निघाले होते. भट्टीवाल्यांनी हात धरला. म्हणाले, "त्याला शिव्या घाल. अहवालाला नको." आणि दुसऱ्या दिवशी कारागिराला सुट्टी दिली.

मग एकेक करत सगळंच केलं. भट्टीचं धुराडं मागून पुढे घेतलं, मधली भिंत फोडून मोठी खिडकी केली. आता वास थेट रस्त्यावर येतो, सायकलवाले पाय टेकतात. पहाटेची भट्टी कारागीर पेटवतो. सुट्टी मिळाल्यापासून गडी गाणी म्हणत येतो. आणि काउंटरवर कोण बसलं असेल? आमचे भट्टीवाले. पाव देतात, पैसे घेतात, तोंडातून चकार शब्द नाही. रांग अशी सरकते की बघत राहावं. मला मागे पिठाच्या पोत्यांशी बसवलंय. एवढी वर्षं मी ज्यांच्या बाळंतपणांची विचारपूस केली, त्यांतल्या एकीनेही विचारलं नाही, आक्का दिसत नाहीत त्या कुठे? एका म्हाताऱ्यांनी विचारलं. त्यांना ऐकू येत नाही.

बेकरी इतकी कधीच चालली नव्हती. दुपारी ट्रे रिकामे होतात. आता याचं श्रेय मी कुणाला देऊ, तूच सांग.

पण माझं मन अजून मानत नाही. तो पोटापायी लिहून गेला असेल, मनात कुठेतरी टोचत असेल, असं वाटत राहतं. म्हणून समोरच्या बाईंकडून एक शेवटची शंका विचारलीय. मालकिणीचा एक भाऊ तुमच्याच शहरात, तुमच्याच धंद्यात आहे असं ऐकते. ती त्याच्यावर जीव टाकते म्हणे. तिच्यावर वेळ आली तर तो धावून येईल का, आणि आला तर मी काय करू? आता तरी तो कबूल करेल. "बाई, तो भाऊ मीच" एवढं तरी लिहील. तेवढं लिहिलं की मी सगळं विसरले, असं समज.

आक्का


सल्लागारांचे समोरच्या बाईंना उत्तर
१५ जुलै

महोदया,

आपली शंका रास्त आहे. दुकान उघडण्याआधी असे धोके तपासलेच पाहिजेत. आम्ही या मुद्द्याचा स्वतंत्रपणे विचार केला.

सदर भावाला आम्ही जवळून ओळखतो. घरात सर्वांत धाकटा असल्यामुळे त्याला घेण्याची सवय आहे, देण्याची नाही. बहिणीची विचारपूस तो पत्रातून करतो आणि बिस्किटांचा डबा पोचला की ती थांबते. मालकाची कंबर धरली त्या गोष्टीला बराच काळ लोटला, तो बघायला गेलेला नाही. बहीण संकटात सापडली असे त्याला कळले तरी तो सध्या आपला जम बसवण्यात गुंतलेला असल्याने गाडीत बसणार नाही. वाईट वाटल्याचे पत्र मात्र लिहील. ते पत्र मोठे असेल. बहिणीला तेवढ्याने पुरते, असा आजवरचा अनुभव आहे.

तेव्हा आपण निर्धास्त असावे. सदर भावाकडून आपल्याला कोणताही धोका संभवत नाही.

आपले विश्वासू,
व्यवसाय सल्लागार


आक्काचे भावजयीला
२४ जुलै

अगं,

त्याचं उत्तर आलं. नक्कल पाठवत नाही. तुला त्या माणसाबरोबर एका घरात राहायचंय.

मी रडले. लपवून काय करू, पोत्यांवर बसून हमसून हमसून रडले. सगळ्या अंगाला पीठ लागलं. भट्टीवाले काउंटर सोडून आत आले, रांग तशीच उभी ठेवून. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि उभे राहिले. मी कागद पुढे केला. वाचून म्हणाले, "हेही खरंच लिहिलंय." एरवी मी तांब्या फेकून मारला असता. पण त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, मग काय मारणार?

रागावण्यासारखं त्यात एकही खोटं वाक्य सापडेना, हेच सगळ्यांत वाईट. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं आणि मला जे दिसलं नाही ते त्याने अर्ध्या पानात लिहून दिलं, तेही मनाला काही लावून न घेता. मी वाट बघत होते की कुठेतरी "मी" म्हणेल. त्याने शेवटपर्यंत "सदर" म्हटलं.

तू विचारलं होतंस, सगळं सांगून टाकू का. नको. त्याच्या चहात साखर घाल. सांगितलंस तर तो येईल, माझे पाय धरेल, मोठ्याने रडेल, आणि मग जन्मभर मला सांगत राहील की आक्का, तुझं छान चाललंय, काही बदलू नकोस. तो आपला असतो तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नाही. परका झाला की त्याच्यासारखा हुशार माणूस शोधून सापडणार नाही. मग राहू दे परका.

केक दुसऱ्या दिवशी कडक होतो, त्याचं कारण आम्हाला अजून उमगलेलं नाही. समोरच्या बाईंना ते विचारायचंय. शाळांच्या कँटीनला पाव द्यायचे तर आधी कुणाला भेटावं, तेही विचारायचंय. बाईंची बेकरी अजून उघडली कशी नाही असं तो म्हणाला, तर त्या म्हणतील, आपल्या सल्ल्याशिवाय पाऊल उचलवत नाही. त्याला ते पटेल.

यापुढे तुझ्या पगारातून काही पाठवू नकोस. तुझ्या नवऱ्याला आता खरंखुरं गिऱ्हाईक मिळालंय. फी बेकरीच्या गल्ल्यातून दर महिन्याला वेळेवर जाईल, आणि नात्यातलं म्हणून कमी करून मागणार नाही.

आक्का